काठावरचे गणित : प्रस्तावना

१९३२ साली हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातले निरीक्षण तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांना न जुमानणारे होते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता बाहेर टाकते, थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही गार करते. म्हणजे सर्वांत थंड हवा जमिनीलगतच सापडायला हवी. पुण्यासह देशातल्या काही ठिकाणी लावलेले तापमापक वेगळेच दाखवत होते. सर्वांत थंड हवा जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर होती. तिच्याखालची, मातीला टेकलेली हवा तिच्यापेक्षा उबदार होती.

मोजणीतच काही घोटाळा असणार, अशी शंका परदेशी तज्ज्ञांना बराच काळ होती. रामदास तेव्हा पुण्यात हवामानखात्याच्या नव्या कृषिहवामान विभागाचे प्रमुख झाले होते. पिकाच्या उंचीवरची हवा हाच त्यांचा विषय होता आणि ते आपल्या नोंदींवर ठाम राहिले. १९५७ मध्ये राश्के या जर्मन संशोधकाने पुण्याच्याच उघड्या जमिनीवरची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा हा थंड थर खरा असल्याची खात्री पटली. त्याचा उलगडा करण्याचा मोठा सैद्धांतिक प्रयत्न १९९३ मध्ये बंगळुरूच्या वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी केला. पुढे त्याच शहरातल्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील संशोधकांनी त्या मांडणीतली जमिनीची अट तपासून पाहिली. जमीन स्वतःचे प्रारण सोडते, तसे वरून आलेले थोडे परतही पाठवते. हे परतलेले प्रारण नीट धरले, तर आधीचा निष्कर्ष टिकत नाही आणि हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा विचार करावाच लागतो.

या सत्तर-ऐंशी वर्षांत उष्णतेच्या वहनाची किंवा प्रारणाची मूळ समीकरणे कुणी बदलली नाहीत. वादाचा बराचसा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : हवा जिथे संपते आणि जमीन सुरू होते, तिथे नेमके काय घडते? प्रस्तुत पुस्तक अशाच प्रश्नांचे आहे. गणितात त्यांना सीमा-समस्या म्हणतात.

विकलक समीकरण हे प्रदेशाच्या आतला कायदा सांगते. लोखंडी पट्टीच्या प्रत्येक बिंदूवर उष्णता कशी सरकेल, पाण्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणाला कसा ढकलेल, एवढेच त्यात असते. असा कायदा पाळणारी उत्तरे असंख्य असतात. त्यांतले आपल्या पट्टीचे, आपल्या नदीचे उत्तर कोणते, हे काठ ठरवतो. पट्टीच्या टोकांचे तापमान दिलेले असेल तर ती एक प्रकारची अट झाली; तिला दिरिख्लेचे नाव आहे. टोकातून किती उष्णता आत-बाहेर जाते हे दिले असेल तर ती नॉयमानची अट. टोकावर वारा लागत असेल आणि उष्णता जाण्याचा वेग तिथल्या तापमानावरच अवलंबून असेल तर दोन्हींचे मिश्रण होते. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो. पण अट बदलली की त्याच पट्टीचे, त्याच समीकरणाचे उत्तर संपूर्ण बदलते.

तबला हे याचे कानाला कळणारे उदाहरण. गोल, एकसारख्या ताणाचे कातडे कडेला पक्के बसवले की त्याची कंपने ठरून जातात, पण त्यांच्या वारंवारता एकमेकींच्या पूर्णांक पटींत नसतात. म्हणून साधा ढोल सुरात बोलत नाही. मृदंग आणि तबल्यावर शाई चढवली की वरची कंपने जवळजवळ पूर्णांक पटींत येऊन बसतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये मार्क काट्झ यांनी उलटा प्रश्न विचारला : नुसता आवाज ऐकून चर्मवाद्याच्या कडेचा आकार ओळखता येईल का? उत्तर यायला १९९२ साल उजाडले, आणि ते नकारार्थी निघाले. वेगवेगळ्या आकारांच्या दोन पडद्यांचे स्वर तंतोतंत सारखे असू शकतात.

या शास्त्राचा प्रवास उष्णतेपासून सुरू होतो असे मानायला हरकत नाही. फूरिए यांचा ग्रंथ १८२२ चा. कुठलीही काठाची अट साध्या तरंगांच्या बेरजेत मांडता येते, ही त्यांची मोठी देणगी. १८२८ मध्ये जॉर्ज ग्रीन या पिठाची गिरणी चालवणाऱ्या इंग्रज माणसाने आतल्या उत्तराचा काठावरच्या माहितीशी थेट संबंध जोडणारी पद्धत दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आदमार यांनी शिस्त लावली : समस्या नीट मांडलेली आहे असे म्हणायचे तर तिला उत्तर हवे, ते एकच हवे, आणि दिलेल्या माहितीत किंचित फरक पडला तर उत्तरात प्रचंड फरक पडता कामा नये.

वाहत्या पदार्थांच्या बाबतीत ही शिस्त सहजासहजी लागली नाही. १७५२ मध्ये दालांबेर यांनी गणित करून दाखवले की चिकटपणा नसलेल्या आदर्श प्रवाहात, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला काहीच विरोध होत नाही. नावाड्यालाही हे खोटे आहे ते ठाऊक होते. नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिकटपणा, म्हणजे श्यानता, समीकरणात आणली. पण भिंतीला लागून असलेला द्रव स्थिर राहतो की घसरतो, याबद्दल खुद्द स्टोक्स यांनाही १८४५ मध्ये पुरती खात्री नव्हती. नाव्हिए यांनी तर घसरण्याचीच अट सुचवली होती. प्रयोगांचा कौल हळूहळू न घसरण्याच्या बाजूने गेला.

मग १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी एक छोटे व्याख्यान दिले, आणि दालांबेर यांचे कोडे सुटायला लागले. हवेची किंवा पाण्याची श्यानता इतकी कमी की ती समीकरणातून गाळून टाकावी असा मोह होतो. पण ती ज्या पदासोबत असते ते पद समीकरणातले सर्वोच्च विकलज असते. ते गाळले की समीकरणाची पायरीच उतरते आणि भिंतीवर वेग शून्य असण्याची अट पाळायला जागा उरत नाही. प्रांटल म्हणाले, ते सगळीकडे गाळू नका; भिंतीलगतच्या अत्यंत पातळ थरात ते ठेवा, बाहेर सोडून द्या. हाच सीमास्तर. विमानाचा पंख, नदीतला पुलाचा खांब, सरपटत जाणारा वारा, सगळ्यांचा विरोध या थरात ठरतो. प्रांटल यांचे शिष्य ब्लासिउस यांनी १९०८ मध्ये सपाट पृष्ठावरच्या सीमास्तराचे गणित पूर्ण केले आणि ग्योटिंगेनची परंपरा सुरू झाली. एवढ्याशा गोष्टीने एवढे मोठे दार उघडल्याची उदाहरणे विज्ञानात फार नाहीत.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध खडकवासल्यावरून जोडला जातो. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाच्या अभ्यासासाठी एक छोटी शाखा काढली. तिच्यातून खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. क्लॉड इंग्लिस यांनी तिथे कालव्यांचा आणि नद्यांचा जो अभ्यास केला, तो प्रामुख्याने हलत्या काठाचा अभ्यास होता. काँक्रीटच्या नळाला काठ दिलेला असतो. नदी मात्र आपला तळ आणि आपले काठ स्वतः घडवते, खरवडते, गाळाने भरून काढते. म्हणजे उत्तर काढायचे त्याच वेळी सीमाही काढायची. नदीची वळणे का पडतात, पुलाच्या खांबाशी तळ किती खोल उकरला जातो, या प्रश्नांवरचे इंग्लिस यांचे काम १९४९ च्या ग्रंथात एकत्र आले. खांबाशी होणाऱ्या उकरीची सूत्रे जगभरच्या अभियांत्रिकी साहित्यात ओळीने दिली जातात, त्यांत ‘इंग्लिस-पूना’ हे नाव आजही भेटते. इंग्लिस पुढे ब्रिटनमधल्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले.

खडकवासल्याच्या मोठाल्या आवारात नद्या, बंदरे, सांडवे यांच्या लहान प्रतिकृती बांधल्या जातात. ही पद्धत दिसायला सोपी आहे आणि तिच्यात एक अवघड अडचण आहे. पाण्याच्या उघड्या पृष्ठावर गुरुत्वाकर्षणाचे राज्य असते, म्हणून प्रतिकृती फ्रूड यांच्या नियमाने लहान करतात. पण तसे केले की श्यानतेचा रेनॉल्ड्स यांचा नियम मोडतो. एकाच वेळी दोन्ही पाळायचे तर पाण्याऐवजी दुसराच द्रव लागेल. शिवाय लांब नदी एकाच प्रमाणात लहान केली तर खोली बोटभरही उरत नाही, म्हणून उभे आणि आडवे प्रमाण वेगळे ठेवावे लागते. मग तळाचा खडबडीतपणा मुद्दाम वाढवून किंवा घटवून प्रतिकृतीतले पाणी खऱ्या नदीच्या नोंदींशी जुळेपर्यंत बसवतात. हे काम करणाऱ्या अभियंत्यांचे सारे कसब काठ घडवण्यात असते.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकरांना सांगावा लागत नाही. आंबी नदीवरचे, काम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने दगडी धरण त्याच दिवशी गेले, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. धरण फुटल्यावर पाणी कसे धावते, याचे आदर्श गणित रिटर यांनी १८९२ मध्येच केले होते. कोरड्या, सपाट, घर्षण नसलेल्या तळावर लोंढ्याचे टोक किती वेगाने जाईल, हे केवळ धरणातल्या खोलीवरून निघते : १० मीटर खोल पाणी असेल तर सेकंदाला सुमारे २० मीटर. आणि धरणाच्या जागी पाण्याची उंची मूळ खोलीच्या चार-नवमांश राहते. खऱ्या दरीत हे टोक इतके वेगवान नसते, कारण तिथे पाणी सर्वांत पातळ असते आणि तळाचे घर्षण सर्वांत जास्त पकडते. १९५० च्या दशकात ड्रेसलर आणि व्हिटम यांनी घर्षणासहचे गणित करून ही दुरुस्ती केली; व्हिटम यांनी त्यासाठी प्रांटल यांच्या सीमास्तराच्या विचाराचाच आधार घेतला. खालच्या गावाला सावध व्हायला किती मिनिटे मिळतील, हे याच दुरुस्तीवर ठरते. धरणाखालच्या वस्तीसाठी याहून महत्त्वाचे गणित नाही.

सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेच्या भूकंपाने दुसरा प्रश्न समोर आणला. १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. हादऱ्यात धरण हलते, पाण्याला ढकलते, पाणी उलट दाब देते. दोघांच्या मधला काठ दोघांचाही असतो. वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये धरण ताठ आहे असे धरून या दाबाचे गणित केले होते. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरणाची लवचीकता, पाण्याची दाबली जाण्याची क्षमता आणि जलाशयाच्या तळाशी साचलेल्या गाळात विरणाऱ्या लाटा यांना एकेक करून हिशेबात घेतले. आज जगात कुठेही धरणाच्या भूकंप-विश्लेषणाची नवी संगणकीय पद्धत कुणी लिहिली की ती बहुधा आधी कोयनेवर ताडून पाहिली जाते.

हवेकडे वळले तर पुण्याचे देणे आणखी मोठे आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आर. पी. सरकार यांनी सह्याद्रीवरच्या पावसाचे गणित मांडले. ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी मुंबई ते पुणे असा उभा छेद घेतला. हवेच्या खालच्या काठाला डोंगराचाच आकार दिला आणि वारा त्या उतारावरून चढतो अशी अट घातली. वर चढणारी हवा थंड होते, बाष्प सोडते. घाटमाथ्याकडे पाऊस वाढत जातो आणि माथा ओलांडला की झपाट्याने घटतो. लोणावळा भिजत असताना पुणे कोरडे का राहते, याचा हिशेब या शहरात बसून, याच शहराच्या छेदावर झाला, ही गोष्ट मराठी शाळांत शिकवायला हवी.

मोसमी पावसाच्या अंदाजात काठाचे महत्त्व आणखी खोल आहे. उद्याचा पाऊस हा आजच्या स्थितीवर ठरतो. आणि आजच्या स्थितीतली बारीकशी चूक काही दिवसांत सगळे उत्तर बिघडवते, हे लोरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवले. मग चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज द्यायचा कसा? चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये मांडले की उष्ण कटिबंधात ऋतूची सरासरी मुख्यतः संथ बदलणाऱ्या काठांवर अवलंबून असते : समुद्रपृष्ठाचे तापमान, मातीतला ओलावा, बर्फ. शुक्ला यांच्या कारकिर्दीची सुरुवातीची वर्षे पुण्याच्या याच संस्थेत गेली. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला घेतला, त्यामागची जाणीव हीच होती. तिला सिद्धांत मिळायला शंभर वर्षे लागली.

पुण्यातच, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, स्टोक्स यांची जुनी शंका पुन्हा जिवंत झाली. वितळलेले प्लास्टिक साच्याच्या तोंडातून जोराने दाबले की ते भिंतीवर घसरू लागते. कधी चिकटते, कधी सुटते, आणि बाहेर येणाऱ्या नळीचा पृष्ठभाग खरखरीत होतो. लांब रेणूंची टोके भिंतीला धरून असतात. ती निसटतात की आतल्या रेणूंच्या गुंत्यातून मोकळी होतात, यावर घसरण ठरते. योगेश जोशी, आशीष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००० मध्ये दोन्ही शक्यतांना सामावणारे एकच प्रारूप दिले. पाण्याबाबत निकालात निघालेला काठाचा प्रश्न दुसऱ्या पदार्थात अजून उघडाच होता, हे त्यातून दिसते.

आता बहुतेक उत्तरे संगणक काढतो. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ६ किलोमीटर चौकटींची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ वापरात आली. इतके बारीक जाळे हा मोठा टप्पा आहे. तरीही ६ किलोमीटरच्या एका चौकटीत सिंहगडाचा कडा, खालचे शेत आणि धरणाचे पाणी एकत्र येऊ शकते, आणि त्या सगळ्यांच्या जागी खालच्या काठाची सरासरी घालावी लागते. जोडीला शुद्ध गणिताची स्थिती पाहण्यासारखी आहे. नाव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या उत्तरांबद्दल २००० मध्ये जाहीर झालेले दहा लाख डॉलरचे बक्षीस अजून कुणाला मिळालेले नाही; आणि तो प्रश्नही भिंती नसलेल्या अवकाशापुरताच विचारलेला आहे.

या पुस्तकाची आज गरज का आहे, याचे उत्तर पुणेकरांच्या दारापर्यंत आलेले आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा म्हणजे सीमा-समस्येचे उत्तर आहे. पात्रात भराव टाकला, रस्ता केला, काठाला भिंत बांधली, की समस्येची अट बदलते आणि जुनी रेषा लागू राहत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. मुळा-मुठेच्या काठसुधार योजनेवरचा वादही शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतो : पात्राची रुंदी अमुक केली तर अमुक विसर्गाला पातळी किती चढेल? याचे उत्तर मते मोजून मिळत नाही; पात्राचे छेद मोजून मिळते. मुंबईत तर खालचा काठ समुद्र आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती आली, आणि मिठी नदीचे पाणी बाहेर जाणार कुठे, हे भरतीने ठरवले.

समीकरणे जगाची आहेत. ती पॅरिसमध्ये लिहिली गेली की केंब्रिजमध्ये, याने फरक पडत नाही. काठ मात्र ज्याचा त्याला मोजावा लागतो. सह्याद्रीचा उतार, मुठेचा तळ, दख्खनची काळी माती यांची मोजमापे दुसरे कुणी आणून देणार नाही. रामदासांनी हे केले, इंग्लिस यांनी केले, सरकार यांनी केले. भारतातल्या विद्यापीठांत उपयोजित गणित अजूनही पुष्कळदा काठावरच्या अटी प्रश्नपत्रिकेत आयत्या देऊन शिकवले जाते. विद्यार्थी समीकरण सोडवायला शिकतो, पण अट कुठून आली हे विचारायला शिकत नाही. पुस्तकाचा सगळा रोख या उणिवेवर आहे.

त्यामुळे त्याची मांडणी नेहमीच्या पाठ्यपुस्तकासारखी नाही. प्रत्येक विषय एखाद्या खऱ्या काठापासून सुरू होतो आणि तिथून गणिताकडे जातो. उत्तर अस्तित्वात आहे याच्या सिद्धता फक्त गरजेपुरत्या दिल्या आहेत. संगणकाच्या आज्ञावली मुळीच दिलेल्या नाहीत, कारण त्या लवकर जुन्या होतात. ज्वलन, आयनद्रायू आणि रक्ताभिसरण हे मोठे विषय जाणीवपूर्वक बाहेर ठेवले आहेत. रक्तवाहिन्यांचा विषय तरी हवा होता असे काही वाचकांना वाटेल, आणि ते रास्तही आहे. परिभाषेत मराठीत रुळलेले शब्द घेतले आहेत. जिथे इंग्रजी शब्दच कामाच्या जागी बोलला जातो तिथे तोच ठेवला आहे.

हे पुस्तक अभियांत्रिकीच्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच नदी, पाऊस, धरण यांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या नागरिकांसाठीही आहे. बारावीचे कलनशास्त्र पुरेसे आहे. ज्यांचा गणिताचा सराव सुटला आहे त्यांनी नद्यांची आणि हवेची प्रकरणे आधी वाचावीत, समीकरणे पहिल्या वाचनात ओलांडून जावीत, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन सुरुवातीच्या उष्णतेच्या प्रकरणाकडे यावे. शिक्षकांनी आपल्या गावचा एखादा ओढा, बंधारा किंवा विहीर घेऊन विद्यार्थ्यांकडून तिचे काठ मोजून घ्यावेत. त्यासाठी टेप, खुणेची काठी आणि नोंदवही एवढेच लागते.